हजेरीपट आणि हुन्नर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्यांच्या हाताखाली चित्रकलेचे पहिले धडे गिरविण्याचे भाग्य मला लाभले होते. आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांना बसण्यासाठी भरलेल्या माझ्या अर्जांवर ज्यांची सही होती, त्यांच्याच स्मृतीसाठी उभारलेल्या या व्यासपीठावरून बोलताना, आपण अजून परीक्षार्थीच आहोत आणि पेन्सिलीला टोक काढावयाचे राहून गेले आहे, अशी काहीशी धास्ती मला वाटते आहे. चालकांनी विषय नेमून दिला तो असा : विद्यापीठाची पदवी पदरात पडल्यावर कलेच्या व्यवसायात पाऊल कसे टाकावे. या विषयावर ज्याला अधिकारवाणीने बोलता येईल तो माणूस बहुधा इतका कामात असेल की त्याला साक्रीला यावयास सवड नसेल. म्हणून तुम्ही मला बोलाविले, असा मी त्याचा अर्थ केला आहे.

पदवीदान समारंभाचा झगा परत करून मुलगा गावी येतो, पेढे वाटून होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरीवर बसलेले शेजारचे काका पानाला चुना लावता लावता सहज विचारतात, “आते काय करशी, भाऊ?” वकिलीची सनद घेतलेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर असते, डी.एड. झालेल्या मुलीला असते, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यालादेखील असते, कारण त्यांच्या वाटेवर कोणीतरी पूर्वीच मैलाचे दगड रोवून ठेवलेले असतात. चित्रकार, नट, लेखक, छायाचित्रकार, गीतकार होऊ पाहणाऱ्याच्या वाटेवर दगड असलाच तर तो ज्याचा त्याने कोरावयाचा असतो. काकांचा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि त्यात कुचेष्टाही नसते. ज्या तालुक्यात मृगाचा पाऊस आठ दिवस लांबला तर वर्षाचा जमाखर्च बदलतो, तेथे मनुष्य उत्पन्नाची चौकशी आधी करतो आणि गुणांची नंतर; यात त्याचा दोष नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन उपदेश प्रचलित आहेत. पहिला वडीलधाऱ्यांचा : आधी कायमची नोकरी पाहा, हजेरीपटावर नाव लागू दे, मग कला आहेच. दुसरा सत्कारसमारंभांतील भाषणांचा : सर्वस्व पणाला लाव, कला अर्धे मन पत्करत नाही. पहिला उपदेश ऐकणाऱ्यांची चित्रे माळ्यावर सापडतात आणि दुसरा ऐकणाऱ्यांची कर्जे सावकाराच्या वहीत. मी इतकी वर्षे या धंद्यात काढली त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पदवीनंतरच्या पाचसात वर्षांत नोकरी करावी की करू नये हा वाद बराचसा निरर्थक असून, ती नोकरी आपल्या कलेच्या द्रव्यापासून किती हातांवर आहे हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. मस्टरवर सही करून जेथे जावयाचे तेथे दगड असेल, कॅमेरा असेल, छापखान्याच्या शाईचा वास असेल, भाषा असेल, तर तुटपुंज्या पगाराची नोकरीसुद्धा गुरुगृह होते. आणि तेथे यांपैकी काहीच नसेल तर भरभक्कम पगारही हळूहळू हाताची बोटे जड करतो.

दाखल्यासाठी फार लांब जावयाचे कारण नाही. धुळ्याच्या अंगणातच गोंदूर आहे. त्या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका सुताराच्या घरी राम सुतार जन्मले. लाकडाला घाट देणारे हात घरातच होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिल्पकला शिकले आणि १९५३ साली मेयो सुवर्णपदक मिळवून बाहेर पडले. आता, सुवर्णपदक मिळविलेल्या तरुणाने काय करावे? तालेवारांचे अर्धपुतळे मिळवावेत, मुंबईत प्रदर्शन भरवावे, निदान वर्तमानपत्रात फोटो यावा, असे कोणालाही वाटेल. हे गृहस्थ १९५४ साली पुरातत्त्व खात्यात रुजू झाले आणि पुढील चार वर्षे औरंगाबादेकडे राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न मूर्तींची डागडुजी करीत राहिले. खान्देशातून निघालेला मुलगा मुंबईचे पदक घेऊन पुन्हा खान्देशाच्या वेशीवरच येऊन बसला, आणि तेही दुसऱ्याने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी केलेले काम सावरण्यासाठी.

या चार वर्षांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चरित्रलेखक ती एका ओळीत उरकतात. डागडुजीचे काम हे अहंकाराला मोठे जाचक असते. मूर्तीचा तुटलेला हात पुन्हा बसवावयाचा तर तो हात तुमचा दिसता कामा नये. खांद्याचा कल, मनगटाची लय, कापलेल्या पातळीचा खडबडीतपणा हे सारे त्या अनामिक कारागिराच्या मनाप्रमाणे असावे लागते, आणि पाहणाऱ्याला डागडुजी ओळखू आली की ती फसली असे समजावे. जे. जे.मध्ये शरीररचना शिकविली जाते; परंतु कैलास लेण्यासारख्या, एका डोंगरातून वरून खाली कोरीत आणलेल्या प्रचंड वास्तूच्या पायथ्याशी रोज सकाळी उभे राहिल्यावर प्रमाणाचा जो संस्कार डोळ्यांवर होतो तो कोणत्या वर्गात होणार? माझा हा तर्क आहे, पण निराधार नव्हे. पुढे चंबळेवरील गांधीसागर धरणाशी त्यांनी पंचेचाळीस फूट उंचीची चंबळामाता काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून कोरून काढली, तिच्याजवळ मध्य प्रदेश आणि राजस्थान ही दोन बालके उभी केली, तेव्हा वरून खाली कोरीत येण्याचा तो वेरूळचा धडा त्यांच्या हातात उतरला नसेल असे मला मानवत नाही. त्यांनीच घडविलेला नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा आहे. २०१८ साली त्याचे अनावरण झाले तेव्हा शिल्पकाराने वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी केली होती. पण हे पुष्कळ पुढचे झाले. त्या चार वर्षांनंतर औरंगाबादेहून ते दिल्लीस माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या सेवेत गेले, आणि १९५९ साली ती सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसायाला लागले. नोकरी धरण्याची वेळ आणि सोडण्याची वेळ अशा दोन्ही वेळा त्यांना ओळखता आल्या. पहिली ओळखणारे पुष्कळ असतात.

अजिंठ्याने कलाशाळेच्या मुलांना अशा रीतीने पोसल्याची परंपरा आणखी जुनी आहे. जॉन ग्रिफिथ्स हे जे. जे.चे प्रमुख १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत भित्तिचित्रांच्या नकला करवीत होते, आणि पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपास आलेला चित्रकार त्याच टोळीत होता. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. नकला जळाल्या, तरी त्या मुलांच्या बोटांत मुरलेली रेषा जळाली नाही. ती पारशी आणि मराठी चित्रकारांच्या पुढील पिढीत उतरली.

योगायोग पाहा, दादासाहेब फाळके हेही काही काळ पुरातत्त्व खात्याचेच नोकर होते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाची सुरुवात चाचपडण्यात गेली. जे. जे.त शिक्षण झाले, बडोद्याच्या कलाभवनात झाले, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा थाटून तो बसला, १९०३ च्या सुमारास खात्यात नकाशे काढणे आणि छायाचित्रे घेणे हे काम पत्करले, स्वदेशीच्या वाऱ्यात ते सोडले, लोणावळ्यास छापखाना काढला आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यावरही पाणी सोडले. काकांच्या ओसरीवरून पाहिले तर हा चंचल मनुष्य. पण रसायन, भिंग, ठसा आणि शाई ही द्रव्ये प्रत्येक मुक्कामी त्यांच्या हाताखाली होतीच. आणि चलच्चित्राचे वेड लागल्यावर भांडवलवाल्याकडे जाताना त्यांनी काय नेले? आपली मुले आज कामाचा नमुना म्हणून चकचकीत चोपडी नेतात, पोर्टफोलिओ म्हणतात तिला. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची एक एक प्रतिमा दिवसामागून दिवस कॅमेऱ्याने टिपली, आणि मिनिटभरात अंकुराचा वेल होतो असा चित्रपट भांडवलदारासमोर धरला. याच खटपटीत विम्याची पॉलिसी गहाण पडली, १९१२ साली लंडनची वारी झाली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. बाविसाव्या वर्षी नाव झाले नाही म्हणून ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी हा आकडा वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावा.

आपल्या शिरपूरच्या घराण्यातील अभिनेत्री स्मिता पाटील प्रथम लोकांच्या घरात शिरली ती मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी मुलगी म्हणून. त्या कामात अभिनय नव्हता, पण कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडविण्याची सवय होती. यावल-रावेर पट्ट्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे १९६३ साली ‘कोसला’ लिहून बसल्यावर पुढे इंग्रजीचे अध्यापक झाले आणि काही काळ धुळ्यातही शिकवीत होते. कादंबरीकाराला वर्गापेक्षा जवळची दुसरी नोकरी कोणती, हे मला सांगता यावयाचे नाही.

एक अपवाद मात्र नमूद केला पाहिजे, नाहीतर चाळीसगावचे श्रोते परतीच्या गाडीत मला जाब विचारतील. केकी मूस १९१२ साली मुंबईत जन्मले, विल्सन महाविद्यालयात शिकले, इंग्लंडला जाऊन शेफिल्डच्या संस्थेतून व्यापारी चित्रकलेची पदविका घेऊन आले, आणि मुंबईच्या जाहिरातधंद्याची दारे सताड उघडी असताना चाळीसगावच्या स्टेशनाजवळील बंगल्यात जाऊन बसले, ते १९८९ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे पन्नास वर्षे, क्वचितच उंबऱ्याबाहेर पडले. टेबलावर किरकोळ वस्तूंची मांडणी करून, त्यांवर प्रकाश पाडून, पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गदेखावा वाटावा अशी छायाचित्रे त्यांनी घेतली. त्यांच्या कलेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु त्यांचा कित्ता गिरवू इच्छिणाऱ्या तरुणाला मी आधी घराचा सात-बारा कोणाच्या नावे आहे एवढे विचारतो.

जवळच्या नोकरीतही एक धोका असतो आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. उपयोजित कलेचे शिक्षण संपवून मी मुंबईत एका जाहिरातसंस्थेत लागलो. पहिली दोन वर्षे मी अक्षरांच्या वळणांविषयी जे शिकलो ते कलाशाळेत शिकलो नव्हतो. तिसऱ्या वर्षी शिकणे थांबले, चौथ्या वर्षी पगार वाढला, आणि पगार वाढल्यामुळे शिकणे थांबल्याचे ध्यानात यावयास पुढची सहा वर्षे लागली. माझ्या बरोबरीचे चौघे उत्तम रेखाटनकार तेथेच विरघळले. त्यांची घरे झाली, मुले परदेशी गेली, आणि हातांना मात्र साबणाच्या वेष्टनापलीकडचे काही आठवेना. ही निंदा नव्हे. साबणाचे वेष्टन चांगले असावे हे मलाही कळते.

आता आपल्या मुलखाकडे येतो. साक्रीच्या मुलाने कलेसाठी मुंबईचीच गाडी पकडावी हा कोणाचा नियम आहे? कोंडाईबारीचा घाट उतरला की सुरत मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि सुरतेपलीकडे बडोदे आहे, जेथे १९५० साली विद्यापीठाचा ललितकला विभाग सुरू झाला. फाळके ज्या कलाभवनात शिकले ते काढणारे सयाजीराव महाराज जन्मले मालेगावजवळच्या कवळाण्यास. आमच्या शेजारगावच्या मुलाने काढलेल्या शाळेची वाट आम्ही विसरलो. आणि मालेगाव तर आणखी जवळ. तेथे शेख नासीर यांचे व्हिडिओ पार्लर होते. परदेशी चित्रपटांच्या फिती गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे कापता-जोडता त्यांना संकलन अवगत झाले, आणि २००० सालच्या सुमारास त्यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या दोस्तमंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. कॅमेरा सरकवावयाचा तर सायकल, उंच न्यावयाचा तर बैलगाडीची दांडी. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर केलेला माहितीपट पुढे देशोदेशी पाहिला गेला. पार्लर ही दुकानदारी होती हे खरे, पण फीत रोज बोटांखालून जात होती.

आज या सभागृहातील निम्म्या मुलांच्या भ्रमणध्वनीत त्या बैलगाडीपेक्षा पुढारलेली सामग्री आहे. अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, लग्नाच्या हंगामात ड्रोन उडविणाऱ्या पोरांना दिवस पुरत नाहीत, आणि ज्या बोलीत बोलल्याबद्दल आम्ही शाळेत छडी खाल्ली त्या बोलीवर कोणाचे तरी पोट भरते आहे, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. पण याच मुलांपैकी कोणी भेटले की मी विचारतो, गाणे कोणाच्या नावावर आहे? उत्तर येते, “शब्दावर चाललं, काका.”

आमचे तमासगीर या बाबतीत शहाणे होते. फडमालक कलावंताला हंगामापूर्वी उचल देतो, तिची नोंद होते. जत्रेच्या गावाने सुपारी दिली की तारीख बांधली जाते. धुळ्या-नंदुरबारकडच्या एखाद्या बँडवाल्याची लांबट वही कधी उघडून पाहा : तिथी, गाव, वधूपित्याचे नाव, ठरलेली रक्कम, आलेला इसार, बाकी, आणि खाली अंगठा किंवा सही. पदवीधराजवळ अशी वही नसते, कारण पैशाचे बोलणे त्याला अरसिक वाटते. कायदा त्याच्या बाजूचा आहे, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याकडे द्यावयाचा तर तो लेखी द्यावा लागतो. लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची मानतात, आणि प्रदेश सांगितला नसेल तर तो भारतापुरता धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गीताच्या कवीला आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातला वाटा दिला, आणि हा वाटा त्यांनी सही करून सोडावयाचा म्हटला तरी सुटत नाही. उलट, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे होते. तेव्हा हजेरीपटावर सही करण्यापूर्वी नेमणुकीचा कागद शेवटपर्यंत वाचावा. फाळके स्वतः १९१८ साली स्थापलेल्या कंपनीतून भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडले होते, आणि १९४४ साली नाशिकात वारले तेव्हा त्यांच्या नावाचा बोलबाला कोठे उरला नव्हता.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. पदवीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत एका वार्षिकाचे मुखपृष्ठ आणि आतील चौदा शीर्षके मी करून दिली. संपादक सज्जन होते, चहा पाजीत. मोबदल्याचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “तुमचं नाव छापतो आहोत की.” नाव छापले, त्यात माझे आडनाव चुकले होते. तगादा कोणत्या तोंडाने लावणार? कागद नव्हता, आणि चुकलेल्या आडनावाच्या मनुष्याचे येणे कोणाकडे निघणार?

मला याबाबत अधिक अक्कल असावयास हवी होती, कारण माझी पहिली नोकरी त्याच्या किती तरी आधी, याच गावात, एस.टी. स्टँडजवळच्या एका पेंटरकडे झाली होती. फ्लेक्स यावयास तेव्हा पुष्कळ अवकाश होता. मॅट्रिकच्या सुटीत मी त्यांच्याकडे डबे धुवावयास राहिलो. दुकानाची पाटी रंगवावयाची म्हणजे आधी पत्र्यावर अस्तराचा हात द्यावयाचा, तो वाळला की खडूत घोळवलेली सुतळी दोन टोकांना दोघांनी ताणून धरावयाची, आणि मध्ये चिमटीने उचलून सोडावयाची : टण्ण. पांढरी, केसासारखी सरळ रेघ उमटे. याला ते सूत मारणे म्हणत. शिरोरेषेचे एक सूत, अक्षराच्या तळाचे दुसरे. पहिले पंधरा दिवस मी फक्त सुतळीचे एक टोक धरून उभा होतो. सोळाव्या दिवशी एका किराणा दुकानाच्या पाटीवरील ‘प्रो.प्रा.’ ही अक्षरे त्यांनी माझ्या हाती दिली, आणि त्यातील टिंबे माझ्याकडून इतकी मोठी झाली की दुकानदाराने, हे काय बोरे वाळत घातली आहेत का, अशी चौकशी केली.

शनिवारी संध्याकाळी हिशेब होई. पेंटर टर्पेंटाइनच्या बोळ्याने एक एक बोट पुसून घेत, मग लाल कापडी बांधणीची वही काढीत, आणि माझे आठवड्याचे रुपये पाटावर मोजून ठेवून वही माझ्यापुढे सरकवीत. पहिल्या शनिवारी मी मोठ्या ऐटीत, मासिकांतील चित्रकारांच्या सह्या पाहून घरी घोटलेली, एकाला एक गुंतलेल्या फराट्यांची सही ठोकली. त्यांनी वही फिरवून पाहिली, कंदिलाजवळ धरली, आणि परत माझ्याकडे दिली.

“सही नको,” ते म्हणाले. “नाव लिही. वाचता येईल असं.”

मी शिरोरेषेची एक रेघ ओढली आणि तिच्याखाली माझे नाव लिहिले.